जुना लॅपटॉप, चालता डेबियन 12: आता 13 वर जायचं का?

2008 ते 2012 च्या दरम्यानचा एखादा लॅपटॉप, त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. काम ठरलेलं: ब्राउझर, लिबरऑफिस, एक प्रिंटर, मराठी टायपिंग. सगळं बिनतक्रार चालू आहे. डेबियन 13 येऊन गेलंय म्हणून आता हात घालावा का? ‘नवं घ्यावं’ म्हणणारे आणि ‘चालत्या गाडीला खीळ कशाला’ म्हणणारे दोघेही अर्धवट बरोबर असतात. खरे प्रश्न दोन आहेत. आपल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? आणि नव्या आवृत्तीत आपल्या मशीनचा कुठला भाग अडून बसेल? पहिल्यातून तारीख मिळते, दुसऱ्यातून जायचं की नाही ते ठरतं.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या.)

आधी तारखा

डेबियन 12, म्हणजे बुकवर्म, 10 जून 2023 ला आलं. मुख्य सुरक्षा टीमचं लक्ष त्याच्यावर 10 जून 2026 पर्यंत, आणि नंतर एलटीएस (म्हणजे दीर्घकालीन आधार) टीमकडून 30 जून 2028 पर्यंत. डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, 9 ऑगस्ट 2025 ला आलं. त्याची एलटीएस मुदत 30 जून 2030 ला संपते. एलटीएसच्या काळात सगळ्याच पॅकेजना दुरुस्त्या मिळतात असं नाही. आपल्याकडची कुठली पॅकेजं वाऱ्यावर आहेत ते बघायला ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ नावाचं पॅकेज बसवून ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ चालवायचं. ते यादीच देतं.

या हिशेबाने 12 वर 2028 च्या मध्यापर्यंत थांबणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. रोजचे अपडेट मात्र चुकवायचे नाहीत. नेटवरून हल्ला होतो तो मुख्यतः ब्राउझरमधून, आणि फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घ मुदतीची) आवृत्ती डेबियन जुन्या शाखेतही बदलत राहतं.

उबुंटू किंवा मिंट वापरणाऱ्यांनी हाच हिशेब आपल्या तारखा घालून करावा. उबुंटू 20.04 ची नेहमीची मुदत मे 2025 मध्ये संपली. उबुंटू प्रो घेतलं तर ती 2030 पर्यंत वाढते, आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे. मिंट 20 ची मुदत एप्रिल 2025 मध्ये संपली, मिंट 21 ची एप्रिल 2027 पर्यंत आहे, मिंट 22 ची एप्रिल 2029 पर्यंत.

‘माझं मशीन राउटरच्या मागे आहे, मला काय होतंय’ हे बरेचदा ऐकू येतं. राउटर बाहेरून आपणहून येणारं अडवतो. आपण उघडलेल्या पानातून, पीडीएफमधून, ईमेलच्या जोडणीतून जे आत येतं ते आपणच बोलावलेलं असतं, तिथे राउटरचा काही उपयोग नाही. उलट एखादं मशीन नेटला कधीच जोडलं जात नसेल, एकाच यंत्राला किंवा एकाच लेबल प्रिंटरला वाहिलेलं असेल, तर त्याची मुदत संपली तरी त्याला हात लावू नये.

अपग्रेडने जुन्या प्रोसेसरमधल्या त्रुटी जात नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन उघड झाल्यावर, त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने कोअर 2 काळातल्या बऱ्याच प्रोसेसरना नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) देणार नसल्याचं जाहीर केलं. त्या प्रोसेसरवर कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः जेवढं सांभाळू शकतं तेवढंच संरक्षण मिळतं, 12 वर काय आणि 13 वर काय. ‘एलएससीपीयू’ चालवलं की खाली प्रत्येक त्रुटीची सद्यस्थिती लिहिलेली दिसते.

वेग हवा असेल तर हे औषध नाही

मशीन मंद आहे म्हणून आवृत्ती बदलायची, हा सगळ्यात चुकीचा बेत. जुन्या लॅपटॉपवर मेमरी खातो तो ब्राउझर, आणि तो दोन्हीकडे सारखाच. तोच पैसा आणि वेळ साटा एसएसडी आणि रॅमवर लावावा. जुन्या साटा 2 जोडणीवरसुद्धा एसएसडीचा फरक पहिल्याच बूटला कळतो, कारण फिरणाऱ्या डिस्कचा वेळ जातो तो इकडे तिकडे विखुरलेल्या बारीक फायली शोधण्यात. रॅम 2 जीबी असेल तर 4 करा. फक्त घेण्याआधी चिपसेटची मर्यादा बघा: इंटेल 945 वर 4 जीबी बसवली तरी हाताशी 3 जीबीच्या आसपासच येते.

डिस्क बदलताना जुनीची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर केली असेल तर एक सापळा राहून जातो. जुन्या बायोसवर लिनक्स सुरू करून देणारं ग्रब, म्हणजे ‘ग्रब-पीसी’ पॅकेज, आपण कुठल्या डिस्कवर बसलोय ते तिच्या ओळखक्रमांकाने लक्षात ठेवतं. नक्कल करताना ग्रबने नोंदवलेला तो क्रमांक बदलत नाही, त्यामुळे ग्रब अजूनही काढून ठेवलेल्या डिस्कचाच पत्ता धरून असतं. रोजच्या वापरात काही बिघडत नाही. पुढच्या मोठ्या अपग्रेडला ग्रबच्या फायली नव्या होतात, डिस्कच्या सुरुवातीचा तुकडा जुनाच राहतो, आणि रीबूटनंतर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन थांबतं. उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो आधी करायचा: ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून यादीतून नवी डिस्क निवडायची. विभाजन निवडायचं नाही, अख्खी डिस्क.

32-बिट असेल तर इथेच थांबा

‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ चालवा. उत्तर ‘एएमडी64’ आलं तर पुढे चला. ‘आय386’ आलं तर 13 वर अपग्रेड करायचंच नाही. डेबियन 12 ही 32-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणारी शेवटची आवृत्ती. 13 मध्ये आय386 उरलंय ते फक्त 64-बिट मशीनवर जुने 32-बिट प्रोग्रॅम चालवण्यापुरतं.

पण आय386 आलं म्हणजे प्रोसेसरही 32-बिट, असं समजू नका. कित्येक कोअर 2 ड्युओ मशीनवर कोणीतरी ‘रॅम कमी आहे’ म्हणून कधीकाळी 32-बिट लिनक्स टाकलेलं असतं. ‘एलएससीपीयू’च्या दुसऱ्या ओळीत 32-बिट आणि 64-बिट दोन्ही लिहिलेलं दिसलं तर प्रोसेसर 64-बिट आहे. अशा मशीनवर होम फोल्डर बाहेर काढून 64-बिट डेबियन नव्याने बसवायचं. चालत्या 32-बिटचं जागच्या जागी 64-बिट करता येतं, पण ती खटपट नव्याने बसवण्यापेक्षा जास्त वेळ खाते आणि मध्येच अडकली तर सोडवणं जिकिरीचं.

प्रोसेसर खरोखरच 32-बिट असेल, म्हणजे जुने पेंटियम एम किंवा सुरुवातीचे अ‍ॅटम, तर भिंत ब्राउझरची आहे. क्रोमने 32-बिट लिनक्स 2016 मध्येच सोडलं. मोझिलाने 144 ही 32-बिट लिनक्सवरची शेवटची नेहमीची आवृत्ती ठरवली आणि ईएसआर 140 वर निदान सप्टेंबर 2026 पर्यंत आधार देण्याचं सांगितलं. त्यानंतर असं मशीन गाणी, फायली साठवणं, टायपिंग अशा कामांना ठेवा. बँकेचं काम त्यावर करू नका.

64-बिट असलेल्यांची एक काळजी इथे मिटते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 ला एसएसई 4.2 वगैरे असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे कोअर 2 बाद. त्याच्या आवृत्ती 10 ला एव्हीएक्स2 लागतं, म्हणजे 2013 च्या हॅसवेलच्या आधीचं सगळंच बाद. डेबियन 13 अजून पहिल्या पिढीच्या 64-बिट प्रोसेसरवरही चालतं.

कुठला भाग अडेल ते पेनड्राइव्हवरून बघा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर डेबियन 13 ची एक्सएफसीई लाइव्ह प्रतिमा घाला आणि त्यावरून मशीन चालू करा. डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मात्र वेग यावरून ठरवू नका, यूएसबी 2 वरून चालणारं कुठलंही लिनक्स रडतंच. बघायचं ते हे: वायफाय दिसतं का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, व्हीजीएला जोडलेला पडदा उठतो का. आणि झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर मशीन जागं होतं का. या शेवटच्या परीक्षेत जुनी मशीन जास्त नापास होतात, आणि नेमकी तीच परीक्षा लोक विसरतात.

जुन्या डेबियनवर असतानाच ‘एलएसपीसीआय’ला ‘-के’ जोडून त्याचं उत्तर फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक भागाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते त्यात असतं. लाइव्हवर तेच पुन्हा चालवलं की कुठली ओळ बदलली ते लगेच सापडतं.

इंटेलचं ग्राफिक्स असेल तर सहसा निभावतं. एनव्हिडियाची जुनी चिप असेल तर जपून. जीफोर्स 8, 9, 200 आणि 300 मालिकांच्या 340 ड्रायव्हरचा आधार कंपनीने 2019 च्या अखेरीस थांबवला, आणि 400–500 मालिकांच्या 390 चा 2022 च्या अखेरीस. बंद पडलेला ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला जात नाही, कारण कर्नलच्या आतली रचना दर आवृत्तीला सरकते आणि ड्रायव्हरचा मूळ कोड कंपनीच्याच हातात असतो. मग उरतो नूवो हा खुला ड्रायव्हर. तो चित्र दाखवतो, पण यातल्या बऱ्याच चिप्सवर घड्याळाचा वेग नीट वर-खाली करू शकत नाही, म्हणून व्हिडिओ अडखळतो आणि काही लॅपटॉप विनाकारण तापतात. लाइव्ह प्रतिमा नूवोवरच चालते, तेव्हा अर्धा तास व्हिडिओ लावून ‘सेन्सर्स’ने तापमान बघा. पटलं नाही तर 12 वरच थांबा.

ब्रॉडकॉमचं वायफाय मात्र लाइव्हवर फसवतं. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपमध्ये बीसीएम4312 किंवा तिची भावंडं आहेत. त्यांचं बी43 फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वाटण्याची परवानगी डेबियनकडे नाही, म्हणून लाइव्हवर वायफाय मुळीच दिसत नाही. ते अपग्रेड केल्यावरही चालणार नाही असा त्याचा अर्थ घेऊ नका. आपल्याकडे ते आधीच उतरवलेलं असेल तर फायली जागेवर राहतात. खरी जोखीम ‘ब्रॉडकॉम-एसटीए’ वापरणाऱ्यांची, कारण तो ड्रायव्हर दर कर्नलला नव्याने बांधावा लागतो. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवून आपल्याकडे असे कुठले ड्रायव्हर आहेत ते आधी लिहून ठेवा. आणि अँड्रॉइड फोनची यूएसबी केबल जवळ ठेवा: यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा कुठल्याही ड्रायव्हरविना लगेच चालतं, वायफाय गेलं तरी नेट मिळतं.

राहिला प्रिंटर. आपल्याकडच्या दुकानांत आणि कार्यालयांत दोन नग फार: एचपी लेझरजेट 1020 आणि कॅनन एलबीपी 2900. 1020 ला एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसंचाचं) बंदिस्त प्लगइन लागतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपग्रेडमध्ये एचपीलिप बदललं तर ‘एचपी-प्लगइन’ चालवून ते पुन्हा उतरवा, नाहीतर प्रिंटर दिसतो, काम घेतो, आणि कागद काही बाहेर येत नाही. 2900 चं दुखणं मोठं. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर बंदिस्त आहे, जुना आहे, आणि 64-बिट मशीनवरही 32-बिट लायब्ररी मागतो. अपग्रेड करताना ‘आता गरज नाही’ म्हणून त्या लायब्ररी काढल्या जाऊ शकतात. दुकान त्याच प्रिंटरवर चालत असेल तर आधी दुसऱ्या एखाद्या डिस्कवर 13 बसवून त्यावर 2900 चालवून बघा, मगच मूळ मशीनला हात लावा. निविदांसाठी डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

जागा आणि मेमरी

ट्रिक्सीच्या सूचनांत बूट विभाजन वेगळं असेल तर ते निदान 768 एमबीचं असावं आणि त्यात 300 एमबीच्या आसपास मोकळं असावं, असं म्हटलंय. जुन्या मशीनवर ते बरेचदा 250 किंवा 500 एमबीचंच असतं. कर्नल आणि फर्मवेअर दर आवृत्तीला फुगतात, इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी ड्रायव्हरची फाइल) तयार होताना जागा संपते, आणि अपग्रेड नेमकं कर्नलवर अडकतं. आधी ‘डीएफ -एच’ने बघा. कमी असेल तर ‘ऑटोरिमूव्ह’ला ‘--पर्ज’ जोडून जुनी कर्नलं काढा. तरी पुरत नसेल तर इनिटरामएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ करा, म्हणजे फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर त्यात भरले जातात. किंमत एवढीच की ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही.

दुसरा बदल कमी रॅमवाल्यांना टोचणारा. 13 मध्ये ‘टीएमपी’ फोल्डर डिस्कवर न राहता मेमरीत जातो, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. 2 जीबीच्या मशीनवर कोणी मोठी झिप उघडली किंवा शंभर पानं स्कॅन केली की ब्राउझर गुदमरतो. ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट’ करून रीबूट केलं की ते पुन्हा डिस्कवर येतं. 4 जीबी किंवा कमी असेल तर हे करूनच टाका.

स्वतःच्या स्क्रिप्ट असणाऱ्यांसाठी: पायथन 3.11 वरून 3.13 वर जातं, जुनी आभासी पर्यावरणं पुन्हा बनवावी लागतात, आणि ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’सारखी मॉड्यूल गेली आहेत. पोस्टग्रेस 15 वरून 17 वर आपोआप सरकत नाही, त्याचा डेटा वेगळा चढवावा लागतो.

जायचं ठरलं तर

मागे फिरायची वाट नाही हे धरून चाला. डेबियनमध्ये 13 वरून 12 वर उतरायची सोय नाही, म्हणून क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढा. टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन सहसा होम फोल्डर घेत नाही, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. त्याआधी ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत बघा: ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर आधी डिस्क बदला. अपग्रेडच्या वेळी हजारो फायली लिहिल्या जातात, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच बसते.

मग 12 पूर्ण अद्ययावत करून रीबूट करा. बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांचे साठे) बंद करा. ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ने अडवून ठेवलेली पॅकेजं बघा. सोर्सेसच्या यादीत प्रत्येक ओळीतलं बुकवर्म काढून ट्रिक्सी लिहा, सुरक्षेची ओळही विसरू नका, आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा भाग तिथे असलाच पाहिजे. ‘अ‍ॅप्ट अपडेट’ झालं की ‘फुल-अपग्रेड’ला ‘--डाउनलोड-ओन्ली’ जोडून सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवा. किती एमबी लागणार ते तो आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी आधी ‘अ‍ॅप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, मग ‘अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड’. दोन टप्पे अशासाठी की पहिल्यात कुठलंही पॅकेज काढलं जात नाही, गुंता कमी होतो. दुसऱ्यात ‘हो’ म्हणण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचा. त्यात एक्सएफसीई किंवा नेटवर्क मॅनेजर दिसलं तर थांबा.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते आणि लोक तो थेट प्लगवर चालवतात. वीज गेली की पॅकेज अर्धवट राहतं. यूपीएस जोडा, नाहीतर तुमच्याकडे वीज हमखास असते ती वेळ निवडा. मध्ये बंद पडलंच तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन आज्ञांनी बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. एखादी कॉन्फिग फाइल बदलायची का असं विचारलं आणि ती तुम्ही हाताने बदललेली असेल, तर एंटर दाबा: तुमचीच राहते.

पहिल्या रीबूटनंतर वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण आणि आयबसमधलं मराठी इनस्क्रिप्ट तपासा. काही अडलं तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुनं 6.1 कर्नल अजून असतं. त्यावरून बूट करून तेच चालतंय का बघा. चाललं तर दोष 6.12 मधल्या ड्रायव्हरचा, बाकी प्रणालीचा नव्हे, एवढं नक्की होतं. पण 6.1 ला आता ट्रिक्सीकडून दुरुस्त्या येणार नाहीत, त्यामुळे ते तात्पुरतंच वापरा. आठ-पंधरा दिवस सगळं नीट चाललं की मगच ‘ऑटोरिमूव्ह’ चालवा.